धर्माला चालेल का, हे विचारायचे कोणाला?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातली एक लसीकरण मोहीम अडून बसली. गोवर आणि रुबेला या दोन्ही आजारांवरची एकत्रित लस आदल्या वर्षी जावा बेटावरच्या कोट्यवधी मुलांना देऊन झाली होती. आता सुमात्रा, सुलावेसी अशा जावाबाहेरच्या मुलखाची पाळी होती. तेवढ्यात ठिकठिकाणचे पालक आणि मौलवी विचारू लागले, की ही लस हलाल आहे का? ती लस आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली होती.

प्रश्न मजलिस उलेमा इंडोनेशिया या तिथल्या धर्मपंडितांच्या परिषदेपुढे गेला. अन्न आणि औषधे तपासण्यासाठी या परिषदेची १९८९ पासून स्वतंत्र संस्था आहे. तिथे रसायन आणि अन्नतंत्र शिकलेली माणसे काम करतात. लस टिकावी म्हणून तिच्यात जिलेटिन घालतात आणि पेशी वाढवताना ट्रिप्सिन नावाचे विकर वापरतात. या लशीच्या उत्पादनात दोन्हीचा उगम डुकरापर्यंत पोहोचतो, असा निष्कर्ष निघाला. २० ऑगस्टला परिषदेने आपला ३३ क्रमांकाचा फतवा काढला.

या फतव्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. आधी त्याने स्पष्ट म्हटले, की उत्पादनात डुकराचा अंश वापरला असल्याने ही लस निषिद्ध आहे. मग म्हटले, की तरीही सध्या ती टोचून घेण्यास मुभा आहे. त्याची कारणेही दिली. एक, परिस्थिती निकडीची आहे. दोन, हलाल पर्याय मिळत नाही. आणि तीन, लस न दिल्यास काय धोका आहे हे सक्षम आणि विश्वासू तज्ज्ञांनी सांगितले आहे. हलाल लस सापडली, की ही मुभा संपेल.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. रुबेला गरोदर स्त्रीला झाला तर पोटातल्या बाळाचे हृदय, डोळे, कान यांवर काय परिणाम होतो, याचे उत्तर धर्मग्रंथात शोधायला उलेमा गेले नाहीत. ते त्यांनी डॉक्टरांकडून घेतले. लशीत काय आहे, हे तपासणाऱ्यांकडून घेतले. निकडीच्या वेळी निषिद्ध गोष्ट कितपत चालते, एवढाच भाग स्वतःच्या शास्त्रातून सांगितला. पुढे झाले ते दुःखद. अनेक ठिकाणी लोकांपर्यंत ‘निषिद्ध’ एवढाच शब्द पोहोचला, मुभा पोहोचलीच नाही. आचेहसारख्या प्रांतात लसीकरण फारच थोडे झाले. फतवा मुळातून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे कमी आणि त्याबद्दल ऐकणारे पुष्कळ, असे झाले की त्याची किंमत लहान मुले मोजतात.

रुबेलाच्याच लशीबद्दल आणखी एका धर्माला वेगळाच प्रश्न पडलेला आहे. आज जगभर वापरला जाणारा रुबेलाचा लशीतला विषाणू अमेरिकेतल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅनली प्लॉटकिन यांनी १९६० च्या दशकात तयार केला. तो मानवी पेशींवर वाढवला जातो. या पेशींचा मूळ वंश त्या दशकात गर्भपात झालेल्या भ्रूणांपासून घेतलेला आहे. तेव्हापासून त्याच पेशी प्रयोगशाळेत वाढत आल्या आहेत, लशीसाठी नवा भ्रूण लागत नाही. तरी गर्भपाताला पाप मानणाऱ्या कॅथलिक आईबापांच्या मनाला हे टोचते. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने २००५ मध्ये त्यावर सविस्तर मत दिले. दुसरी लस नसेल तर मुलांचे आणि गरोदर स्त्रियांचे रक्षण करण्यासाठी ही लस घेता येते, पण उत्पादकांकडे दुसऱ्या मार्गाने बनवलेल्या लशीचा आग्रह धरणे हेही कर्तव्य आहे. पुढे कोरोनाच्या लशी आल्या तेव्हा, डिसेंबर २०२० मध्ये, व्हॅटिकनने याच धर्तीचे पत्रक पुन्हा काढले. वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या घरात हा प्रश्न निघाला तर ही दोन पत्रके वाचून मग आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. कोणी तरी कोणाकडून ऐकलेल्या गोष्टीपेक्षा ते फार बरे.

एकाच कुपीबद्दल दोन धर्मांनी दोन वेगवेगळ्या घटकांवर बोट ठेवले आणि दोघेही शेवटी जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले. म्हणून ‘धर्माचे मत काय?’ असा मोघम प्रश्न उपयोगाचा नसतो. कुठला धर्म, त्यातला कुठला पंथ, कुठल्या घटकाबद्दल, खाण्यासाठी की टोचून घेण्यासाठी, हे ठरवूनच विचारावे लागते. एका धर्माच्या आतही एकमत असेलच असे नाही. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामी वैद्यकशास्त्र संस्थेने धर्मशास्त्री आणि वैद्यक जाणणारे असे शंभराहून अधिक लोक एकत्र बसवले होते. मूळ पदार्थाचे रूप आणि गुण पूर्णपणे पालटले तर तो नवा पदार्थ शुद्ध ठरतो, या जुन्या तत्त्वाचा आधार घेऊन त्यांनी जिलेटिनला परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व भूमध्य विभागाने २००१ मध्ये हा निर्णय पत्राद्वारे कळवलाही. इंडोनेशियाच्या परिषदेने मात्र डुकराच्या बाबतीत ही सूट मानली नाही. दोन्ही मते अभ्यासू लोकांचीच आहेत. त्यांतले एकच सांगून ‘इस्लाम असे म्हणतो’ असे लिहिणारा लेखक अर्धीच माहिती देतो.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. पाकिटावरचा हिरवा ठिपका आपण इतक्या सवयीने पाहतो, की त्यामागे काय आहे याचा विचारही करत नाही. २००० मध्ये मांसाहारी पदार्थांसाठी तपकिरी खुणेचा नियम आला आणि २००१ मध्ये शाकाहारासाठी हिरव्या खुणेचा. त्यानंतर हे सारे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली गेले. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी मांसाहाराची खूण गोलाऐवजी तपकिरी त्रिकोणाची केली, रंग न ओळखता येणाऱ्यांनाही ती आकारावरून कळावी म्हणून. याच नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या आहे आणि ती प्रत्येकाने एकदा वाचायला हवी. प्राणी, पक्षी, मासे, अंडी आणि कुठल्याही प्राण्यापासून मिळालेला पदार्थ तिच्यात येतो. दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख मात्र वगळलेली आहे. लाख हा किड्याचा स्राव असतो आणि गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला वापरतात. म्हणजे जैन घरात मध वर्ज्य असला तरी कायद्याच्या लेखी तो मांसाहारी नाही, आणि कांदा-लसणाच्या मसाल्यावर तर हिरवाच ठिपका असतो. कायद्याने शाकाहाराची एक रेघ आखली आहे. आपल्या व्रताची रेघ तिच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आपल्यालाच पाहावे लागते.

कधी कधी कायदा लोकांच्या मनाशी जुळवूनही घेतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून ठोकून पातळ केला जाई. २०१६ मध्ये नियम झाला, की वर्ख तयार करताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरायची नाही. काजूकतलीला आज कोणी नाक मुरडत असेल तर हा नियम माहीत करून घ्यावा, आणि दुकानदाराला वर्ख कुठून येतो हेही विचारावे.

पण खरी अडचण पाकिटावरच्या आकड्यांची असते. नूडल्स, वेफर्स यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात चव वाढवणाऱ्या द्रव्यांचे क्रमांक असतात, ६२७, ६३१ असे. ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. ते वनस्पतीपासूनही करता येते आणि मासे किंवा मांसापासूनही. नुसत्या क्रमांकावरून उगम कळत नाही. राम गौ रक्षा दल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढे नेमके हेच उदाहरण आले. ९ डिसेंबर २०२१ च्या आदेशात न्यायालयाने म्हटले, की आपण काय खातो हे जाणण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ आणि २५ शी जोडलेला आहे. घटक कितीही अल्प असो, तो वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, हे उघड झाले पाहिजे. पदार्थ शाकाहारी असल्याचा दावा करणाऱ्याला उगम सांगता आलाच पाहिजे, हे या आदेशाने ठणकावून सांगितले याचे मला मनापासून समाधान वाटते. उत्पादकाला पत्र लिहिताना ‘तुमचा पदार्थ शुद्ध आहे का?’ असे विचारू नका. ‘अमुक बॅचमधले ६३१ कुठल्या स्रोतापासून केले आहे?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला जाहिरातीचे उत्तर येते. दुसऱ्याला माहितीच द्यावी लागते, आणि टाळाटाळ झाली तर तीही लगेच दिसते.

औषधांचे तसे नाही. इथे हिरवा ठिपका नाहीच. तो असावा म्हणून एका नागरिकाने जनहित याचिका केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये जीवरक्षक औषधे वगळून बाकी औषधांना आणि सौंदर्यप्रसाधनांना खूण लावायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो आदेश रद्द केला. नियम करायचे काम कायद्याने ज्यांच्याकडे दिले आहे त्यांचे, न्यायालयाने नियमाचा मजकूर लिहून द्यायचा नाही, ही त्यामागची भूमिका. पुष्कळांना वाटते, की सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाचा जाणून घेण्याचा हक्कच नाकारला. निकालाचा तसा अर्थ होत नाही. बातमीचा मथळा आणि निकालपत्र यांत केवढे अंतर असते याचा हा नमुना आहे. निकालपत्रे न्यायालयांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. सगळे वाचायचा धीर नसेल तर शेवटची चार पाने तरी वाचावीत.

मग कॅप्सूल कशाची आहे, हे कोणाला विचारायचे? कॅप्सूलचे नेहमीचे कवच जिलेटिनचे असते, म्हणजे जनावराच्या हाडा-कातडीतल्या कोलॅजेनपासून केलेले. भारतीय औषधकोशातल्या जिलेटिनच्या नोंदीतही तसेच दिले आहे. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेली कॅप्सूलही मिळते. रक्त गोठू नये म्हणून डायलिसिसला आणि हृदयरुग्णांना दिले जाणारे हेपारिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. उलट आजचे इन्सुलिन बहुतेक सगळे जीवाणू किंवा यीस्टच्या मदतीने तयार होते. पूर्वी ते गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, आणि त्या आठवणीवर अजूनही कोणी इन्सुलिन नाकारत असेल तर ते फार वाईट. डॉक्टरांना औषधाचा परिणाम नक्की ठाऊक असतो, पण कवच कशाचे हे ठाऊक असेलच असे नाही. फार्मासिस्टला विचारावे, माहितीपत्रक उलगडून वाचावे, कंपनीच्या वैद्यकीय माहिती विभागाला लिहावे. आणि उत्तर येईपर्यंत डोस चुकवू नये. गोळ्या मनाने बंद करण्याआधी डॉक्टरांकडे पर्याय मागणे, हा क्रम कुठल्याही धर्माच्या जाणत्या माणसाला मान्य होईल.

आयुर्वेदिक औषधांच्या बाबतीत तर कायद्यानेच ग्रंथांना आधार मानले आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, भावप्रकाश, योगरत्नाकर अशा ग्रंथांची यादी आहे. त्यांतल्या पाठाप्रमाणे केलेले औषध कायद्याच्या दृष्टीने आयुर्वेदिक ठरते. इथे संस्कृत जाणणारा वैद्य हाच कायद्याचाही जाणकार होतो. आणि हेच ग्रंथ उघडले तर मांसरस, कस्तुरी, शंख, प्रवाळ, मोती हे सगळे औषध म्हणून आलेले दिसते. ‘आयुर्वेदिक आहे म्हणजे शाकाहारीच’ ही समजूत या ग्रंथांपुढे टिकत नाही. प्रवाळपिष्टी घेणाऱ्या शाकाहारी माणसाने ती सोडावी असे मी मुळीच म्हणत नाही. निर्णय त्याचा आहे, तो माहिती घेऊन व्हावा.

हिंदू धर्मशास्त्राबद्दल विचारायचे तर कोणाकडे जावे? इथे एक पीठ किंवा एक परिषद नाही, त्यामुळे जो मोठ्याने बोलेल तो तज्ज्ञ ठरण्याचा धोका जास्त. आपल्या मराठी माणसाला यात एक मोठा आधार आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला. भोजनाचे नियम दुसऱ्या खंडात आहेत, व्रते आणि काळनिर्णय पाचव्यात. काणे व्यवसायाने वकील होते. एखाद्या मुद्द्यावर कुठल्या स्मृतीत काय आहे, टीकाकारांनी त्याचा अर्थ कसा बदलला, कुठल्या प्रांतात काय चालते, हे ते खटल्यातल्या पुराव्यासारखे मांडतात आणि मतभेद लपवत नाहीत. त्याआधीच्या काळात कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनी १७९० मध्ये लिहिलेला धर्मसिंधु हे घरोघरच्या शंकांचे आधारग्रंथ होते. स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी कधी कधी वेगवेगळ्या दिवशी येतात, हे ज्या समाजाला शेकडो वर्षे माहीत आहे, त्याला एका प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरे असू शकतात हे वेगळे शिकवायला नको.

ग्रंथांची मर्यादाही याच वाटेवर दिसते. आपले उपवासाचे ताट पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि ज्या कंदाच्या पिठापासून साबुदाणा होतो तो कसावा, ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून इथे आली. प्राचीन स्मृतिकारांना ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. साबुदाणा आज मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो. तो उपवासाला चालतो हे शिष्टाचाराने, म्हणजे लोकांच्या रूढ आचाराने ठरले. त्याचे प्रमाण हवे असेल तर पोथीपेक्षा घरातल्या आजीकडे जावे लागेल. शिष्टाचार हे धर्मशास्त्रातही मानलेले प्रमाण आहे. म्हणून एका घरात कोथिंबीर चालते आणि शेजारच्या घरात चालत नाही, तरी दोघांचाही उपवास घडतो.

भगर उपवासाला चालते, याबद्दल महाराष्ट्रात कोणाला शंका नाही. पण २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातल्या एकादशीच्या फराळातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा बाहेर दोऱ्या बांधून, त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवून उपचार करावे लागले. नवरात्रात, महाशिवरात्रीला असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. दमट हवेत भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यातून विषारी द्रव्ये तयार होतात, असे आपल्या अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनांमध्ये दरवर्षी असते. सुटी भगर घेऊ नका. पाकीटबंद घ्या, त्यावरची तारीख पाहा. कोरड्या झाकणबंद डब्यात ठेवा, फार दिवस साठवू नका. तयार पीठ विकत आणू नका, आणि दळलेले पीठ ठेवून देऊ नका.

अन्नदान हे पुण्यकर्म आहे, त्यात परवाना कसला, असे मंडळांचे कार्यकर्ते भाबडेपणाने विचारतात. कायद्यात त्याचे थेट उत्तर आहे. अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफा असो वा नसो असे शब्द आहेत, आणि परवाना-नोंदणीच्या नियमांत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांचा उल्लेख नोंदणी करायच्या लोकांत केलेला आहे. महाप्रसादाआधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन नोंदणी करावी. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला स्वयंपाकाची जागा दाखवावी, पाण्याबद्दल विचारावे. किराणा पक्क्या बिलावर घ्यावा आणि प्रत्येक पाकिटावरचा १४ आकडी क्रमांक पाहावा. तो १ ने सुरू होत असेल तर परवाना आहे, २ ने होत असेल तर नोंदणी.

संशय आला तर सामान्य ग्राहकालाही हत्यार दिलेले आहे. २००६ च्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणीही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की घेतानाच दुकानदाराला तसे सांगायचे. पदार्थ नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. औषधांसाठी १९४० च्या कायद्यात कलम २६ आहे, तिथे शासकीय विश्लेषकाकडे जाता येते. दुकानदाराकडून घेतलेल्या भगरीचे एक पाकीट प्रसाद शिजवण्याआधी न फोडता बाजूला ठेवावे, बिलासकट.